फ्लॅटमधली फट आणि डुलणारी भिंत: फिरत्या सेटचं दुखणं कुठे शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. तालमीच्या हॉलमध्ये सेट उभा केला तेव्हा भिंत एकसंध दिसत होती. शुभारंभाच्या प्रयोगालाही ठीक होती. पुढच्या चार-सहा प्रयोगांत दोन फ्लॅटच्या, म्हणजे भिंतीच्या सुट्या तुकड्यांच्या, मधून मागचा दिवा दिसायला लागला, एका जोडावर वरच्या अंगाला बोट जाईल एवढी फट पडली, आणि कोणी रागाने दार लावून गेलं की अख्खी भिंत आजोबांच्या हार घातलेल्या फोटोसकट डुलायला लागली. मग कोणीतरी म्हणतं, अजून एक बोल्ट मारा. बोल्ट मारला जातो. दोन प्रयोग बरे जातात आणि मग पुन्हा तेच.

हे दुखणं फिरत्या सेटचं आहे. महिनाभर एकाच जागी उभा राहणारा सेट खिळे ठोकून पक्का करता येतो. आपल्याकडे तशी सोय नाही. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रं असतात. दुपारच्या नाटकाचा सेट निघाल्याशिवाय रात्रीचा लागत नाही. स्पर्धांमध्ये तर सेट लावायला दिलेला वेळ घड्याळ लावून मोजतात. संगीत नाटकांच्या जमान्यात रंगवलेला पडदा गुंडाळला की पुढच्या गावाला निघता यायचं. १९३३ साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने पडद्यांच्या जागी खरी वाटणारी खोली उभी केली. तेव्हापासून खोलीचे तुकडे करून न्यायचे आणि दुसऱ्या गावी ते जुळवायचे, हे काम बॅकस्टेजच्या वाट्याला आलं.

इथे जो फ्लॅट गृहीत धरला आहे तो नेहमीचाच: ४ फूट रुंद, ८ किंवा १० फूट उंच, साधारण अडीच इंच बाय एक इंचाच्या पाइनच्या पट्ट्यांची चौकट आणि तिच्यावर ६ मिमी. प्लाय किंवा ताणून बसवलेला मांजरपाट. लोखंडी चौकोनी पाइपची चौकट असेल तर लाकडाच्या ओलाव्याचा भाग सोडून द्या, बाकी बहुतेक सगळं तसंच लागू होतं.

बोल्ट वाढवून हे दुखणं का जात नाही, ते आधी बघू. दोन फ्लॅटच्या जोडाला तीन कामं असतात. दोन्ही कडा एका रेषेत आणायच्या, त्या एकमेकींना आवळून धरायच्या आणि भिंतीवर येणारा धक्का जमिनीपर्यंत पोचवायचा. आपण ही तिन्ही कामं एकाच बोल्टच्या गळ्यात मारतो. बोल्ट पटकन घालता यावा म्हणून भोक सैल पाडतो, आणि भोक सैल असलं की बोल्ट कडा जुळवू शकत नाही. जुळवण्यासाठी भोक घट्ट ठेवलं तर अंधारात, घाईत तो बोल्ट जात नाही. मग हातोडीने ठोकला जातो, भोक लांबट होतं, आणि पुढच्या प्रयोगापासून ते सैलच असतं. भिंतीचा धक्का आडवा येतो. आवळलेला बोल्ट कडांना जवळ ओढतो, पण भिंतीला मागे-पुढे जाण्यापासून अडवणं हे त्याच्या आवाक्याबाहेरचं काम आहे.

आधी फटीचा आकार बघा

काहीही आवळायला जाण्याआधी सगळे बोल्ट सैल करा, दोन फ्लॅट नुसते शेजारी-शेजारी उभे करा आणि मागे दिवा लावून समोरून बघा. फट कशी आहे यावरून निम्मं निदान होतं.

खाली टेकलेली आणि वर उघडत जाणारी फट सगळ्यांत जास्त दिसते. तिचं कारण एकतर जमीन असते, नाहीतर चौकट गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसते. दोन्हींतलं कोणतं, हे कळायला तेच दोन फ्लॅट उचलून रंगमंचावर दुसऱ्या जागी उभे करा. फट सोबत आली तर दोष चौकटीचा. नाहीशी झाली किंवा उलटी झाली, तर आधीच्या जागी जमीन खाली-वर आहे. जुन्या लाकडी रंगमंचांवर फळ्या झिजून, दबून असा फरक पडलेला असतोच, आणि तो प्रत्येक गावी वेगळा असतो. त्याला इलाज पाचर. फ्लॅटच्या खालच्या पट्टीखाली दोन्ही टोकांना प्लायच्या पातळ पाचरी सरकवून फ्लॅट ओळंब्यात (अगदी सरळ उभा) आणा आणि मगच आवळा. सेटच्या सामानात पाचरींची एक पिशवी कायम असावी. हे सगळ्यांना माहीत असतं आणि पिशवी मात्र कधी सापडत नाही.

चौकटच गुण्यात नसेल तर फरक किती मोठा होतो, याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. ४ फुटांच्या तळाशी ३ मिमी. चूक असेल तर ८ फुटांवर ती ६ मिमी. होते. शेजारचा फ्लॅट नेमका उलट्या बाजूला तेवढाच चुकला असेल तर वर १२ मिमी.ची फट पडते, आणि ती कोणताही बोल्ट ओढून मिटवू शकत नाही. ओढलीच तर चौकट मुरडते आणि फट पुढच्या जोडावर जाऊन बसते. म्हणून प्रत्येक फ्लॅट जमिनीवर आडवा टाकून बाहेरच्या कोपऱ्यांपासून दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले पाहिजेत. १२२० बाय २४४० मिमी.च्या फ्लॅटचा कर्ण २७२८ मिमी. येतो, १२२० बाय ३०५० च्या फ्लॅटचा सुमारे ३२८५. दोन कर्णांत २ मिमी.पर्यंतचा फरक चालवून घ्या. त्यापलीकडे असेल तर मांजरपाटाचा फ्लॅट दुरुस्त होतो: लांब कर्णाला दोरी बांधून, तिच्यात दांडकं पिळून तो खेचा, दोन्ही कर्ण सारखे झाले की चारही कोपऱ्यांना प्लायचे त्रिकोण डिंक आणि स्क्रू लावून बसवा. त्रिकोणाच्या वरच्या थराचे रेषे जोडाला आडवे जायला हवेत, जोडाच्या बाजूने नकोत. आणि त्रिकोण कडेपासून एक इंच आत घ्या, म्हणजे काटकोनात येणारा दुसरा फ्लॅट मागून अडकणार नाही. प्लाय चिकटवलेला फ्लॅट असा खेचला जात नाही. त्याची खालची कड रंधून सरळ करावी लागते.

वर-खाली टेकलेली पण मध्ये पोट उघडं, अशी फट असेल तर उभी पट्टी वाकली आहे. मांजरपाटाच्या फ्लॅटमध्ये हे हटकून होतं. कापडावर खळ आणि रंगाचे हात चढले की ते आकसतं आणि दोन्ही उभ्या पट्ट्यांना आत ओढतं. मधली आडवी पट्टी यासाठीच असते. ८ फुटांना एक, १० फुटांना दोन. पट्टी आहे तरी पोट पडलंय, तर ती आखूड कापलेली आहे. वरच्या आणि खालच्या बाजूला दोन उभ्या पट्ट्यांमधलं अंतर मोजा आणि मधली पट्टी नेमक्या त्याच मापाची घाला.

मागून जोड घट्ट मिटलेला, समोरून मात्र रेष उघडी, असं असेल तर दोष कडेचा आहे. कड पट्टीच्या तोंडाशी काटकोनात नाही, म्हणून मागचा भाग आधी टेकतो आणि पुढचा अधांतरी राहतो. मुरलेले सुतार इथे एक युक्ती करतात: कड मागच्या बाजूला एखादा मिमी. उतरती रंधतात. मग दोन फ्लॅटच्या पुढच्या कडाच आधी भेटतात आणि प्रेक्षकांना रेष मिटलेली दिसते. मागची फट कोण बघतंय!

शेवटचा प्रकार म्हणजे फट नाही, पण एक फ्लॅट दुसऱ्याच्या दोन-तीन मिमी. पुढे आलेला. समोरून प्रकाश सपाट असेल तर हे लपतं. बाजूने प्रकाश आला की उभी काळी सावली पडते. हा निव्वळ जुळणीचा दोष आहे.

जुळवायचं एकाने, आवळायचं दुसऱ्याने

कडा जुळवायला खुंट्या वापरा. १० मिमी. व्यासाची कठीण लाकडाची किंवा लोखंडी सळईची खुंटी एका फ्लॅटच्या कडेत कायमची चिकटवायची आणि ती साधारण २० मिमी. बाहेर ठेवायची. टोक निमुळतं करा, म्हणजे अंधारात चाचपडतही ती भोकात शिरते. समोरच्या फ्लॅटला साडेदहा मिमी.चं भोक. प्रत्येक जोडाला दोन खुंट्या पुरतात, एक तळापासून फूटभर वर, दुसरी माथ्यापासून फूटभर खाली.

आता नेहमी नडणारी गोष्ट. दोन गोल खुंट्या आणि दोन गोल भोकं केली की खुंट्यांमधलं आणि भोकांमधलं अंतर केसभरही चुकून चालत नाही. खालची खुंटी बसते, वरची अडते, मग ठोकाठोकी सुरू. त्यामुळे खालचं भोक गोल ठेवा आणि वरचं भोक उभ्या दिशेने चार-पाच मिमी. लांबट करा. खालची खुंटी उंची आणि पुढे-मागे दोन्ही पक्कं करते. वरची फक्त पुढे-मागे सांभाळते, वर-खाली तिला मोकळीक असते. एवढ्या एका बदलाने फ्लॅट लागायचा वेळ डोळ्यांत भरण्याइतका कमी होतो.

कडा खुंट्यांनी जुळल्या की बोल्टला फक्त आवळायचं काम उरतं आणि त्याचं भोक खुशाल सैल ठेवता येतं. ८ मिमी.चा बोल्ट, ११ मिमी.चं भोक, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर, हाताने फिरणारा विंग नट. ८ फुटांच्या जोडाला दोन, १० फुटांच्याला तीन. पाइन मऊ असतं. लहान वॉशर त्यात रुततो आणि प्रत्येक वेळी तुम्ही थोडं जास्त आवळत जाता. भोकाच्या जागी ३ मिमी. जाडीच्या लोखंडी पट्टीचा तुकडा स्क्रूने बसवला तर भोक लांबट होण्याचा प्रश्नच मिटतो. आधीच लांबट झालेली भोकं २० मिमी.पर्यंत मोठी करा, त्यात कठीण लाकडाचा गुल्ला डिंकाने बसवा, रात्रभर सुकू द्या आणि नवं भोक पाडा. काड्यापेटीच्या काड्या कोंबून केलेली डागडुजी लाकडी स्क्रूच्या भोकाला चालते, बोल्टच्या भोकाला नाही.

बोल्टऐवजी पत्र्याच्या पेटीला असतो तसा ओढून बसणारा खटका लावणारेही आहेत. तो झटकन लागतो आणि कडा स्वतःहून जवळ ओढतो, नट हरवत नाही. पण तो स्वतः कडा जुळवत नाही, म्हणून खुंट्यांशिवाय लावू नका. दोरीने कचकावून बांधायची पद्धतही आहे: एका फ्लॅटच्या माथ्याला बांधलेली दोरी दोन्ही फ्लॅटच्या पाठीवर वेगळ्या मारलेल्या खुंट्यांना आलटून-पालटून वळसे देत खाली आणायची आणि शेवटी सुटती गाठ मारायची. हात बसलेला असेल तर बोल्टपेक्षा लवकर होते. काळे जिप्समचे स्क्रू मारून जोड करणं मात्र सोडा. ते ठिसूळ असतात, आडवा झटका बसला की मान तुटते आणि अर्धा स्क्रू लाकडातच राहतो.

भोकं पाडताना प्रत्येक फ्लॅट वेगळा मोजू नका. प्लायची एक लांब पट्टी घेऊन साचा करा, तिच्यावर खुंट्या आणि बोल्टची भोकं एकदाच आखा आणि सगळे फ्लॅट त्यावरून पाडा. साचा नेहमी तळाकडून लावायचा. माथ्याकडे उंचीत फरक राहिला तर वरच्या पट्टीमागे किंवा झालरीमागे लपतो, तळाकडचा लपत नाही. आणि खुंट्या सगळ्या फ्लॅटच्या एकाच अंगाला ठेवा, उदाहरणार्थ मागून बघताना डाव्या. मग साधा फ्लॅट कुठल्याही साध्या फ्लॅटच्या जागी चालतो. साच्याशिवाय केलेल्या सेटमध्ये 'तीन नंबर फक्त चार नंबरलाच बसतो' ही भानगड असते, आणि ऐन वेळी टेम्पोतून नेमका चार नंबर शेवटी निघतो.

रुंदीचंही असंच. सहा फ्लॅट प्रत्येकी २ मिमी. जास्त रुंद झाले तर भिंत १२ मिमी.ने वाढते आणि शेवटचा फ्लॅट कोपऱ्यात बसत नाही. म्हणून रुंदी एक-दोन मिमी. कमीच कापा. उरलेली बारीक रेष झाकायला एका फ्लॅटच्या कडेला पातळ रीप मारा, जी शेजारच्यावर अर्धा इंच चढते. समोर रीप नको असेल तर मागून काळ्या जाड कापडाची पट्टी एका बाजूला चिकटवून दुसऱ्या बाजूला वेल्क्रोने लावा, निदान प्रकाश तरी फुटणार नाही. आणि नेपथ्य आखतानाच जोडाच्या जागी काहीतरी उभं घेता आलं तर सगळ्यात छान. चाळीतली खोली असेल तर वायरिंगची केसिंग पट्टी, वाड्यात खांब, सरकारी क्वार्टरमध्ये पाण्याचा पाइप. असे सेट बघताना जोड शोधून सापडत नाहीत.

बिजागऱ्या वापरत असाल, म्हणजे मूळची पिन काढून तिच्या जागी वाकवलेला खिळा घालत असाल, तर वरचं बहुतेक लागू होतं. दोन गोष्टी जास्तीच्या. तीन कानांचं पान नेहमी एकाच अंगाला आणि दोन कानांचं दुसऱ्या अंगाला बसवा. आणि खिळा भोकात खुळखुळत असेल तर बिजागरी कितीही मजबूत असो, जोड तेवढा हलणारच. भोकाला नेमका बसणारा खिळा शोधा. काटकोनात येणाऱ्या आणि दुमडून ठेवायच्या फ्लॅटना बिजागरी उत्तम. सरळ ओळीत खुंटी-बोल्ट बरा.

दार आपटल्यावर भिंत डुलते ती वेगळी गोष्ट

जोड कितीही पक्के असले तरी सरळ ओळीत उभे केलेले चार फ्लॅट म्हणजे १६ फूट लांबीचा एक मोठा पातळ फ्लॅटच. त्याला पुढे-मागे जाण्यापासून अडवायचं काम मागच्या ब्रेसचं, म्हणजे तिरक्या टेकूचं, आणि इथेच सगळ्यात जास्त कंजुषी होते. मागे जागा नसते, पाय ठेचकाळतात, म्हणून ब्रेस भिंतीला चिकटून उभा करतात.

हिशेब सोपा आहे. १० फूट उंच भिंतीच्या माथ्यावर ५ किलोचा झटका पुढच्या दिशेने आला, तर तिला अडवायला ब्रेसच्या पायाशी, भिंतीपासून ४ फुटांवर, साडेबारा किलो वजन हवं. तोच पाय २ फुटांवर आणला की २५ किलो लागतं. झटका अचानक येतो आणि पाय घसरतोही, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या दीडपट-दुप्पट ठेवा. वाळूची २० ते २५ किलोची पोती सगळीकडे मिळतात. जिथे रंगमंचावर खिळा मारू देत नाहीत तिथे पायाखाली रबरी चटईचा तुकडा टाका. ब्रेसचं वरचं टोक फ्लॅटच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर जोडा आणि ते उभ्या पट्टीला जोडा. प्लायला जोडलेला ब्रेस प्लाय फाडतो.

सरळ ओळीतल्या सगळ्या फ्लॅटना मागून एक आडवी दांडी आकड्यांनी अडकवली की प्रत्येकजण वेगळा डुलायचा थांबतो. त्याहून चांगलं म्हणजे भिंत सरळ ठेवूच नका. मध्येच फूटभर मागे वळवून पुन्हा सरळ केली तर ती स्वतःच्या पायावर उभी राहते आणि दोन ब्रेस वाचतात. नेपथ्यकार नाराज होत नाहीत. उलट तो कोपरा देवघरासाठी मागून घेतात.

दाराच्या फ्लॅटचं वेगळं बघावं लागतं. दाराच्या जागी खालची आडवी पट्टी नसल्याने त्याचे पाय फाकतात, आणि पाय फाकले की दार घासतं. दोन पायांना जोडणारी लोखंडी सपाट पट्टी तळाशी बसवा. जाडी ५ मिमी.च्या आत राहिली तर कोणी अडखळत नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक ब्रेस, आणि दाराची चौकट जड असेल तर तिलाही एक. दार पडद्याआड, बाहेरच्या बाजूला उघडू द्या, म्हणजे आपटण्याचा झटका चौकटीच्या ओठावर बसतो. त्या ओठाला फेल्टची पट्टी लावली की झटका कमी होतो. पण आवाजही मरतो, तेव्हा दिग्दर्शकाला आधी विचारा.

सेट लावायला सुरुवातही इथूनच करायची. आधी दार, ओळंब्यात, ब्रेससकट. मग त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक फ्लॅट वाढवत विंगेकडे, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाकडे, जायचं. राहिलेली चूक शेवटच्या फ्लॅटवर साचते आणि तो विंगेत असतो. कोपऱ्यातून सुरू केलं की तीच चूक दारापाशी येऊन साचते आणि दार लागेनासं होतं. फ्लॅटच्या पाठीवर नंबर, वरच्या दिशेचा बाण आणि 'प्रेक्षकांची डावी' की 'उजवी' हे लिहा. नुसतं डावी-उजवी लिहिलं तर मागे उभा असलेला माणूस उलटंच लावतो.

टेम्पो आणि पाऊस

छोट्या टेम्पोचा हौदा ८ फुटांच्या फ्लॅटपेक्षा आखूड असतो. फ्लॅट बाहेर लोंबतात, रस्त्याच्या धक्क्यांनी कोपरे सैल होतात आणि घरून गुण्यात निघालेली चौकट मुक्कामी गुण्याबाहेर पोचते. बाहेर येणाऱ्या टोकाखाली एक आडवी फळी बांधा. फ्लॅट रंगाची बाजू रंगाला आणि पाठ पाठीला लावून रचा. खुंट्या बाहेर असलेल्या कडेला एक फोमची पट्टी घाला. उचलताना कोपरा धरून ओढू नका. एक हात वरती, एक खाली, कड धरून उभाच चालवा.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत केलेला सेट उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे नेला की लाकूड सुकतं. लांबीत फारसा फरक पडत नाही, पट्टीच्या रुंदीत पडतो, म्हणजे बोल्ट सैल होतात. तिकडे पोचल्यावर पहिल्या प्रयोगाआधी सगळे नट एकदा फिरवून घ्या. उलट प्रवासात खुंट्या घट्ट होतात. कानस जवळ ठेवा. प्लायच्या उघड्या कडा ओल पितात आणि फुगतात, तिथे रंगाचा किंवा डिंकाचा एक हात जास्त द्या.

एवढं सगळं करूनही एखादा फ्लॅट ऐकत नाही. जमिनीवर पालथा टाका. तीन कोपरे टेकले आणि चौथा हवेत राहिला तर त्याला पीळ पडला आहे. पट्टीच ओल्या लाकडाची होती, ती सुकताना मुरडली. हा दोष ब्रेसने, बोल्टने किंवा कर्ण ओढून जात नाही आणि तो शेजारच्या दोन्ही जोडांना बिघडवत राहतो. असा फ्लॅट मुख्य भिंतीतून काढा आणि दाराबाहेर किंवा खिडकीमागे जे बॅकिंग, म्हणजे मागचं झाकण, लागतं तिथे एकटा उभा करा. त्याच्या जागचा नवा करताना पट्ट्या आधी डोळ्याला लावून, सरळ आहेत ना ते बघून निवडा आणि भोकं साच्यावरूनच पाडा.